आमची वाटचाल : एका जुन्या टिपरपासून सहा हायव्यापर्यंत

आमचं गाव गेवराई तालुक्यातलं, हायवेपासून आत सहा किलोमीटर. 2011 ला मी एक सहाचाकी जुना टिपर घेतला, तोबी पाव्हण्याकडून उधारीवर, त्याच्या आधी आठ वर्षं दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो त्यामुळं धंदा कशाला म्हणतात ते माहीत नव्हतं पण गाडी माहीत होती. विटा, खडी, घराच्या पायात टाकायचा मुरूम, असली कामं. मग सोलापूर-धुळे रोडचं चौपदरी काम आमच्या भागात आलं, पहिले त्याला 211 नंबर म्हणायचे आता 52 झालाय, अन एकाच्या तीन गाड्या झाल्या. पुढं समृद्धीच्या कामाला जालन्याकडं गेलो. आज सहा हायवा, म्हणजे मोठे टिपर हायेत, चार दहाचाकी दोन बाराचाकी, शिवाय एक पाण्याचा टँकर. बँकेचे हप्ते चालूच हायेत, ते काय संपत नसतेत.

गाड्या वाढल्या की ड्रायव्हरची अडचण सुरू होते. रोडचं सीझन दिवाळी झाली की चालू होतं ते मृगापर्यंत, अन नेमकं त्याच टायमाला आमच्या जिल्ह्यातली अर्धी माणसं ऊसतोडीला गेलेली, चांगले ड्रायव्हर कारखान्याच्या वाहतुकीवर. मग उरतेत ती ट्रॅक्टरवाली पोरं. हात चांगला असतो त्यांचा, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या जोडून नेणारी पोरं ती, पण म्हणूनच त्यांला वाटतं की ट्रॉली पलटी करता येती म्हणजे हायवा पण येतोय. मलाबी तसंच वाटलं होतं.

2016 चा मार्च. अवकाळी होऊन दोन दिवस झालेले, भरावावर मुरूम टाकायचं काम. नवीन पोरगं होतं, लायसन पक्कं, मी त्याला गावातून एक चक्कर मारायला लावली अन चावी दिली. आपली काळी माती कशी असते, वरून पापुद्रा वाळून पांढरा पडतो अन खाली लोण्यासारखी ओल. त्यानं गाडी भरावाच्या कडेला लावली, डावी चाकं थोडी बसली, त्याला केबिनमधून ते कळलंच नाही, बॉडी उचलली, मुरूम ओला असल्यानं एका बाजूला चिकटून बसला अन बाकीचा खाली गेला. सगळं वजन वरती अन एका अंगाला. गाडी आडवी. पोराचं गळ्याचं हाड मोडलं, जीव वाचला, चासी वाकली, वरून कंत्राटदारानं दोन महिन्याचं बिल अडकवून ठेवलं. त्या पोराला लई लोक बोलले. चूक माझी होती, मी त्याला गाडी पुढं चालवताना बघितलं होतं, रिकामी करताना नाही.

तवापासून आमच्याकडं टेस्ट उलटी घेतो. पुढं कशी पळवतो ते बघायचंच नाही. रानात दोन ड्रम ठेवायचे अन आरशात बघून रिव्हर्स मधी घालायला लावायची. मग बॉडी उचलायच्या आधी खाली उतरून जमीन बघतोय का, टाच मारून बघतोय का. बॉडी पूर्ण उचलली की वीस फुटाच्या वर जाती, तर मान वर करून तार बघतोय का. वावरातून गेलेल्या तारा उन्हाळ्यात झोळ पडून अजून खाली आलेल्या असतेत. एकदा आमची बॉडी तारेच्या हातभर खाली थांबली, शेतातली बाई वरडली म्हणून. त्या दिवशी सगळ्यांला बसवून सांगितलं, बॉडी तारेला चिकटलीच तर केबिनमधीच बसून राहायचं, लाईट बंद होईपर्यंत कोणाला जवळ येऊ द्यायचं नाही, अन गाडीनं पेट घेतला तरच दोन्ही पाय जोडून लांब उडी मारायची, एक हात गाडीला अन पाय जमिनीवर असं कधीच नाही.

डांबराच्या कामाला तर अजून वेगळा हात लागतो. प्लांटवर माल भरताना एकाच जागी ढीग पडू द्यायचा नाही, आधी पुढं, मग मागं, मग मधी, गाडी थोडी थोडी सरकवायची, नाहीतर मोठी खडी घरंगळून कडेला जाती अन रोडवर ठिगळं दिसतेत. माल 150 च्या वर तापमानाला निघतो अन टाकताना 140 तरी पाहिजे, म्हणून ताडपत्री बांधायचा कंटाळा करायचा नाही. बॉडीला आतून डिझेल पुसायचं नाही, डिझेलनं डांबर पातळ होतं, जुने ड्रायव्हर अजून चोरून पुसतेत. अन पेव्हरला, म्हणजे डांबर पसरायच्या मशीनला, गाडी लावताना फूटभर आधीच थांबायचं, न्यूट्रल करायचं, पेव्हरनं येऊन गाडीला ढकलायचं, गाडीनं पेव्हरला नाही. नवीन पोरगं घाईत मागं येऊन धाडकन टेकवतं, मग पेव्हरवाला शिव्या देतो अन रोडला जो उंचवटा राहतो तो लोकांच्या कमरेला पुढं दहा वर्षं लागतो.

ट्रॅक्टरवरून आलेल्याला हवेच्या ब्रेकची सवय नसती. सकाळी स्टार्टर मारला की गाडी काढायची घाई, प्रेशरचा काटा चढायची वाट बघत नाहीत. धारूरच्या घाटात, मांजरसुंब्याच्या घाटात भरलेली गाडी ब्रेकवर उतरवायला बघतेत, ब्रेकचे ड्रम तापले की ब्रेक लागतच नाहीत. आमचे एक म्हातारे ड्रायव्हर हायेत, सगळे मामा म्हणतेत, ते नव्या पोराच्या शेजारी बसून एवढंच म्हणतेत, "ज्या गियरमधी चढला असतास त्याच गियरमधी उतर लेका, गाडी उतरवायलास का सोडून द्यायलास?"

युरियाची गंमत सांगतो. बीएस सिक्स, म्हणजे नव्या धुराच्या नियमातल्या गाड्यांला डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची वेगळी टाकी असते, धूर साफ करायला, तो युरिया पातळ असतो, खताचा नाही. एका पोराला फोनवर म्हणलं युरिया संपत आलाय टाक, तर ते म्हणलं मालक कृषी केंद्र बंद झालं. हसलो खरं, पण नसतं विचारलं तर टाकलं असतं त्यानं.

अन एक काम गाडीतलं नाही, तोंडातलं हाय. क्रशरवर लोडरवाला एक बकेट जास्तीची टाकतो, "घे रे, एक खेप वाचंल". दहाचाकीला गाडीसकट 28.5 टन, बाराचाकीला 36, त्याच्या वर सापडलं की 20 हजार दंड अन जास्तीच्या प्रत्येक टनाला 2 हजार वेगळे. पण वीस-एकवीस वर्षाच्या पोरानं चाळीशीतल्या लोडरवाल्याला नाही कसं म्हणायचं? म्हणून मी सांगून ठेवलंय, माझं नाव सांग, म्हण मालक वजनकाट्याची पावती बघतो अन भत्ता कापतो. कापत नाही मी, पण त्याला बोलायला कारण होतं. खेपेवर पैसे द्यायचंबी त्याच्यासाठीच बंद केलं, पगार अन दिवसाचा भत्ता. बाकीचे गाडीमालक हसतेत, म्हणतेत तुझ्या गाड्या दिवसाला दोन खेपा कमी करतेत. करतेत.

यंदा दोन नवी पोरं घेतलीत. आधी मी नवीन माणसाला पाण्याच्या टँकरवर टाकायचो, हलकं काम म्हणून. मामांनी ते बंद करायला लावलं. भरलेला टँकर गप बसतो, अर्ध्या टँकरमधलं पाणी ब्रेक मारला की पुढं धक्का देतं अन वळणावर गाडीला बाहेर ओढतं, नव्यानं ते शिकायचंच नसतं. आता टँकर मामा चालवतेत अन पोरं पंधरा दिवस खाली उभी राहून मागच्या गाड्यांला इशारा करतेत, जोडटायरमधी अडकलेले दगड टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, काढतेत. त्यातलं एक परवा माझ्याकडं आलं, तोंड वाकडं करून, मालक मी ड्रायव्हर म्हणून आलो का क्लीनर म्हणून? म्हणलं टायरमधला दगड मागच्या मोटरसायकलवाल्याच्या कपाळात बसला तर काय होतं ते मामाला विचार. मामानं त्याला काय सांगितलं माहीत नाही, पण काल सहा वाजता मी साईटवर पोचलो तवा पोरगं टॉमी घेऊन चौथ्या गाडीखाली होतं.