कणकेच्या गोळीला खडशी

रविवार, रात्री सव्वादहा

उजवा पंजा अजून आखडलेलाच आहे. तरी आजचं आजच लिहून ठेवायचं.

पहाटे साडेचारला चिंचवडहून निघालो आणि उजाडायच्या आत पवनेच्या बॅकवॉटरला पोचलो. ऑक्टोबर संपत आलाय, पाणी भरपूर आहे आणि गढूळपणा बसलाय. बेत चिलापी मासे पकडायचाच होता. सहा फुटी हलकी काठी, लहान रीळ, अडीच किलो पेलेल एवढा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, आठ नंबरचा गळ. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकलेला. आमिषाला कणीक, त्यात थोडं बेसन आणि चिमूटभर हिंग.

आठपर्यंत तळहाताएवढ्या तीन चिलाप्या मिळाल्या. मग ऊन आलं आणि सगळं थंडावलं. आवरायला घेणार, तेवढ्यात तरंगा आडवा सरकला आणि दिसेनासा झाला. मी काठी उचलली आणि रीळ किंचाळायला लागलं. पहिल्याच धावेत निम्म्याहून जास्त तंगूस गेला. असल्या दोऱ्यावर जोर लावला की संपलंच, म्हणून रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटताना अडवणारा ब्रेक, आणखी सैल केला आणि काठावरून तिच्या मागे चालत राहिलो.

गुरं घेऊन आलेले एक बाबा तिथेच थांबले होते. म्हणाले, "वढू नका दादा. दमली म्हंजी आपसूक येतीय." त्यांचं ऐकलं ते बरं झालं. चार वेळा काठाजवळ आली आणि चारही वेळा परत गेली. वीस-पंचवीस मिनिटं तरी गेली असतील. उथळ पाण्यात कूस वळली तेव्हा उन्हात एकदम सोनं चमकलं आणि बाबा म्हणाले, "खडशी हाय! लय वर्सांनी बघितली."

खडशी म्हणजे महाशीर. गुडघाभर पाण्यात बसून ओल्या हातांनी धरली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत सहज भरेल एवढी. रुपयाहून मोठे खवले, प्रत्येकाची कड वेगळी दिसणारी. परांवर निळसर झाक, जाड मांसल ओठ, चार मिशा. जबड्यात दात नाहीत, ते घशात असतात. गळ ओठाच्या कडेलाच होता, बोटाने ढकलताच निघाला.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली, त्यात १८३९ साली याच माशाचं पहिलं शास्त्रीय वर्णन आलं. त्याला तो मिळाला होता पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेत! नावही त्याने इथल्या लोकांच्या तोंडचंच ठेवलं, खुद्री. आजही जगभर शास्त्रज्ञ या माशाला टॉर खुद्री म्हणतात. आणि मी जन्मभर पुण्यात राहून, बंडगार्डनच्या पुलावरून हजारदा जाऊन, ती आज पहिल्यांदा पाहिली. तिथल्या पाण्याची आज काय दशा आहे ते नाकाला कळतंच. ज्या नदीने या माशाला नाव दिलं तिथे तो जगू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून महाशीरची पिल्लं वाढवतात, त्यांतली कितीतरी धरणांत सोडली गेली. आजची त्यांच्याच वंशातली, की पवनेची जुनी रहिवासी?

फोटो काढायला फोन खिशातून काढलाच नाही. पाण्याबाहेर जितका वेळ जाईल तितका तिचा जीव जातो. दोन्ही हातांत सरळ धरून ठेवली. कल्ले आधी भरभर हलत होते, मग संथ झाले. शेपटीचा एक जोरदार फटका मनगटावर बसला आणि ती गेली. बाबांनी हात जोडले. मीही जोडले.

चिलाप्या त्यांनाच दिल्या.

घरी येऊन सामान पुसताना पाहिलं, गळ जवळजवळ सरळ झालाय आणि तंगूसचा शेवटचा हातभर भाग बोटाला खरखरीत लागतोय. तेवढा कापून टाकला. पुढच्या रविवारआधी रीळ नव्याने भरायचं आहे, तंगूस मात्र अडीच किलोचाच.