वुडन मास्तर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही, असा शाळेतून निरोप आला आणि मला सगळ्यात आधी आठवले ते मोजे.

आठवीत माझी बास्केटबॉलच्या संघात निवड झाली. पहिल्या दिवशी सरांनी चेंडू हातात दिलाच नाही. फक्कीने आखलेल्या कोर्टाच्या कडेला आम्हा बारा जणांना ओळीने बसवले आणि बूट-मोजे काढायला लावले. मग मोजा कसा घालायचा ते शिकवले. टाचेपाशी हात फिरवायचा, करंगळीजवळ चाचपायचे, कुठेही सुरकुती राहता कामा नये. सुरकुतीने फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. "हे माझं नाही, वुडन मास्तरांचं आहे," सर म्हणाले.

तेव्हापासून दहावी होईपर्यंत वुडन मास्तर आमच्याबरोबर होते. सर पतियाळ्याला प्रशिक्षण घेऊन आले होते, तिथेच त्यांनी हे वाचले असावे. पाणी प्यायला थांबलो की ते त्या गोष्टीचा एकेक तुकडा सांगत. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात शेतकऱ्याच्या घरी 1910 साली जन्मलेला मुलगा, घरात वीज नाही. पर्ड्यू विद्यापीठात नावाजलेला खेळाडू, 1932 मध्ये पदवी, मग शाळेत इंग्रजीचा मास्तर आणि संघाचा प्रशिक्षकही. युद्धानंतर ते एका छोट्या कॉलेजात गेले. 1947 मध्ये त्यांच्या संघाला कॅन्सस सिटीच्या राष्ट्रीय स्पर्धेचे बोलावणे आले, पण कृष्णवर्णीय खेळाडू चालणार नाही अशी अट होती. संघात क्लॅरेन्स वॉकर होता, तोही राखीव खेळाडू. वुडन यांनी बोलावणे परत पाठवले. पुढच्या वर्षी ती अट उठली, तेव्हा ते वॉकरला घेऊन गेले आणि अंतिम सामना हरले. हे सांगताना सर आम्हा राखीव मुलांकडे बघत. मी त्यांच्यातच बसलेलो असे.

1948 मध्ये वुडन लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात प्रशिक्षक म्हणून आले. खरे तर त्यांना मिनेसोटा विद्यापीठात जायचे होते. ठरल्या वेळी तिथला फोन आला नाही, म्हणून त्यांनी यूसीएलएला होकार दिला. नंतर कळले की बर्फाच्या वादळामुळे फोन लागत नव्हता. पण शब्द दिला होता, तो त्यांनी मोडला नाही. तिथे सरावाला तिसऱ्या मजल्यावरची एक कोंदट जिम होती. शेजारी कुस्ती आणि जिम्नॅस्टिक्स चाले. फरशीवर धूळ साचे, ती वुडन स्वतः पुसत. "आणि पंधरा मोसम राष्ट्रीय विजेतेपद नाही," असे म्हणून सर शिट्टी वाजवत आणि आम्ही पुन्हा ले-अपच्या, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून चेंडू टाकण्याच्या, रांगेत उभे राहायचो.

त्यांची गोष्ट दर वेळी इथेच थांबे. आम्ही जिल्ह्यात तिन्ही वर्षे पहिल्याच फेरीत हरलो. परतीच्या एसटीत मला वाटायचे, वुडन मास्तरही असेच कुणी हरलेले गृहस्थ असणार. त्याने मला बरे वाटायचे.

2011 मध्ये मी एम.एस.साठी यूसीएलएत गेलो. पहिल्या आठवड्यात व्यायामशाळेचे दार शोधत होतो, तर इमारतीवर नाव, जॉन वुडन सेंटर. मी तिथेच उभा राहिलो. त्या रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. सोळाव्या मोसमात, 1964 साली, पहिले राष्ट्रीय विजेतेपद. त्या वर्षी 30 पैकी 30 सामने जिंकले आणि खेळ सुरू करणाऱ्या पाच जणांत सहा फूट पाच इंचांहून उंच कुणी नव्हता. मग 1975 मध्ये निवृत्त होईपर्यंत बारा वर्षांत दहा विजेतेपदे, त्यातली सात ओळीने. सलग 88 सामने अजिंक्य. यातले एक अक्षर सरांनी आम्हाला सांगितले नव्हते.

त्या वाचनात एक गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटली. वुडन यांच्या शेवटच्या मोसमात थार्प आणि गॅलिमोर हे दोन मानसशास्त्रज्ञ सरावाच्या वेळी बाकावर बसून त्यांचे प्रत्येक बोलणे टिपत होते. 2,326 नोंदी झाल्या. त्यांत जवळजवळ तीन चतुर्थांश वेळा वुडन यांनी फक्त काय करायचे आणि कसे, एवढेच सांगितले होते. कौतुक आणि रागावणे, दोन्ही शंभरात जेमतेम सात-सात. वाचता वाचता मला सरांचा आवाज ऐकू आला. "कोपर आत." "गुडघे वाकव." "बघून पास दे." शाब्बास म्हटलेले आठवत नाही, ओरडलेलेही नाही.

वुडन त्याआधीच, 2010 मध्ये, वयाच्या 99 व्या वर्षी गेले होते. मी पोचलो तेव्हा त्यांचा संघ जिथे सामने खेळे ते पॉली पॅव्हिलियन हे बंदिस्त क्रीडागृह दुरुस्तीसाठी बंद होते. पुढच्या वर्षी ते उघडल्यावर मी आत गेलो. तिथल्या कोर्टाला 'नेल आणि जॉन वुडन कोर्ट' म्हणतात. पत्नीचे नाव आधी हवे, हा वुडन यांचाच आग्रह होता.

बाहेर येऊन मी सरांना फोन लावला. इकडे त्यांची पहाट होती. म्हटले, "सर, वुडन मास्तर दहा वेळा जिंकले, तुम्ही सांगितलं का नाही?"

सर हसले. "अरे, तुम्ही तेरा-चौदा वर्षांची पोरं. तेवढंच धरून बसला असता." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, "वॉकर लक्षात आहे ना?"

"आहे, सर," मी म्हटले.