केसाला धक्का

१९ फेब्रुवारी २०२५, बुधवार

शिवजयंतीची सुट्टी. सकाळी आठपासून नाक्यावर ढोल-ताशा, त्यामागे डीजे. खिडकीच्या काचा थरथरतायत आणि मी पलंगावर लोळत एका दगडाचा भाव बघतोय. काल ३.१ टक्के होता.

दगड म्हणजे २०२४ वायआर ४ हा लघुग्रह. गेल्या २७ डिसेंबरला तो चिलीतल्या दुर्बिणीला दिसला. गंमत म्हणजे तोवर तो पृथ्वीच्या जवळून निघून जाऊन दोन दिवस झाले होते. पाहुणे जिना उतरल्यावर बेल वाजावी तसं. सूर्याभोवतीची त्याची फेरी साधारण चार वर्षांची, म्हणजे पुन्हा २०२८ आणि मग २०३२. त्या फेरीत, २२ डिसेंबर २०३२ला, तो आपल्यावर आदळण्याची शक्यता नासाने काल ३.१ टक्के सांगितली. आकार ४० ते ९० मीटर. पृथ्वी बुडवण्याइतका मोठा नाही, पण एका शहराला पुरेसा. पडलाच तर कुठे, त्याचा पट्टाही आखलाय: पॅसिफिक, दक्षिण अमेरिकेचं वरचं टोक, आफ्रिका, अरबी समुद्र. पुढे आपण.

आमच्या विम्याच्या ऑफिसात तीन टक्के जोखीम म्हटलं की साहेब चष्मा पुसून पुन्हा लावतात. इथे मात्र सगळे हसतायत. मी सगळ्यात आधी काय केलं असेल तर वार बघितला. बुधवार. म्हणजे मेगाब्लॉक नाही आणि ऑफिसला सुट्टीही नाही. ऑफिसच्या ग्रुपवर हे टाकल्यावर एकाने लिहिलं, ‘कल्याणच्या बाहेर सिग्नलला थांबेल, काळजी नसावी.’ दुसऱ्याने विचारलं, ‘तोवर माझे गृहकर्जाचे हप्ते संपत नाहीत, बँक माफ करेल का?’ सुनीता विल्यम्सवरचे विनोद आता जुने झाले. आठ दिवसांसाठी गेलेली बाई आठ महिने झाले अजून वरच आहे, आणि आपण तिच्यावर ‘माहेरी गेलेली सून’ करून करून थकलो.

बारा वर्षांपूर्वी याच महिन्यात रशियात चेल्याबिन्स्कवर असाच एक फुटला होता. वीसेक मीटरचा असेल. मोठा लख्ख उजेड झाला, लोक बघायला खिडकीशी धावले आणि मग मागून धक्का आला. जवळपास १५०० लोक जखमी झाले, त्यातले बहुतेक फुटक्या काचांनी. प्रकाश आधी, आवाज नंतर, हे शाळेत पाठ केलेलं. डीजेच्या आवाजात आत्ता आमची काच टिकली तर २०३२ची बघू.

मग मलाही सुचलं. मी मूळचा मेहकरचा, लोणार घरापासून हाकेच्या अंतरावर. १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, काळ्या बेसॉल्टच्या खडकात अशनी आदळून झालेलं. म्हणून घरच्या ग्रुपवर टाकलं: ‘मुंबईकरांनी घाबरू नये. लोणारला एवढा मोठा पडला, पण आम्हा बुलढाणेकरांच्या केसालाही धक्का लागला नाही. आता धक्का न लागताच केस जातात, तो भाग वेगळा!’

दीड तासात एकवीस हसरे चेहरे. दर दिवाळीला ‘उपग्रहातून दिसणारा झगमगता भारत’ पाठवणारे काकासुद्धा हसले. (तो फोटो दिवाळीचा नाही, वेगवेगळ्या वर्षांच्या रात्रींचे दिवे रंगवून एकावर एक ठेवलेत. हे मी त्यांना चार दिवाळ्या सांगतोय.) ग्रुपवर इतकी दाद मला पहिल्यांदाच मिळाली. संध्याकाळपर्यंत दर दहा मिनिटांनी मोजत होतो.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दगडाचा भाव कोसळला. ०.२८ टक्के. लोक म्हणतायत, बघा, शास्त्रज्ञांना काही कळत नाही, काल तीन होते आज पाव. बायकोला समजावून सांगताना मला तिच्या हळदीकुंकवाची लकी ड्रॉ कामी आली. डब्यात शंभर चिठ्ठ्या, पैठणी एक. ज्यांना लागणार नाही त्यांच्या चिठ्ठ्या आधी काढत गेलं तर डब्यात राहिलेल्या प्रत्येकीची शक्यता वाढत जाते. पन्नास उरल्या की दोन टक्के, बत्तीस उरल्या की तीनच्या वर. पैठणी जवळ येत नसते, गर्दी कमी होत असते. आणि मग एका क्षणी आपलीच चिठ्ठी बाहेर. प्रत्येक नव्या निरीक्षणाने त्याच्या वाटेचा अंदाज अरुंद होतो. पृथ्वी त्यात आहे तोवर आकडा चढतो, बाहेर पडली की घसरतो. बायको म्हणाली, कळलं, पण मला पैठणी कधीच लागली नाही.

हे सगळं नऊच्या आत. नऊला ताईचा फोन आला.

ताई म्हणजे माझी मावसबहीण, शेगाव तालुक्यात दिलेली. तिने ग्रुपवर काही लिहिलं नव्हतं, एकवीस चेहऱ्यांत तिचा नव्हता, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. पोरीची दहावी सुरू झाली आज, मराठीचा पेपर बरा गेला म्हणाली. मग थोडं थांबून, “काऊन रे बाबू, तुले मालूम नाई? आपल्या पोरीचे बी गेले ना.”

मला खरंच माहीत नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत शेगावच्या आसपासच्या गावांतून केस गळण्याच्या बातम्या येत होत्या तेव्हा मी त्या वाचल्या होत्या, हसलोही होतो. आधी डोकं खाजतं, मग केस राठ होतात, मग चिमटीत धरले की हातात येतात. तीन-चार दिवसांत टक्कल. म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण चाललं जोरात. कंगव्याचं दुकान बंद, न्हावी संपावर, तेलाच्या जाहिरातीचं शूटिंग बुलढाण्यात. मी स्वतः यातले तीन पुढे पाठवले होते.

“मग सांगितलं का नाहीस?”

“कोणाले सांगू? मोठीचं जमत आलं हाय.”

केस धाकटीचे गेले, पण गावाचं नाव पेपरात आलं की गावातल्या सगळ्याच पोरींची स्थळं थबकतात. काही ठिकाणी मोडलीसुद्धा. बाजारात या गावच्या माणसाशेजारी कुणी बसेना, सलूनवाला पाटी दाखवी. भाची डोक्याला ओढणी घट्ट बांधून परीक्षेला गेली. पेपर लिहिताना हात सारखा ओढणीकडे जात होता, एवढंच ताईला ती म्हणाली.

ताई रागावली नाही. रागावली असती तर बरं, असं म्हणायचा मोह होतो, पण तेही स्वतःलाच दिलेलं औषध.

जोक डिलीट केला. ‘हा मेसेज डिलीट केला आहे’ ही ओळ तेवढी तिथे राहिली, तीसुद्धा बघणाऱ्याला विचारायला लावणारी. काकांनी विचारलंच, काय होतं?

२३ फेब्रुवारी, रविवार

आज तो जोक मला परत आला. बायकोच्या मामेभावाकडून, ‘अनेकदा फॉरवर्ड केलेला’ म्हणून. कुणीतरी शुद्धलेखन सुधारलंय आणि ‘आम्हा बुलढाणेकरांच्या’ ऐवजी ‘बुलढाण्याच्या लोकांच्या’ केलंय. मी आपल्यावर हसतोय असं जे माझं समाधान होतं, ते त्या एका शब्दात होतं. तेवढाच गळला.

मेहकरहून शेगाव सत्तर-ऐंशी किलोमीटर. डोंबिवलीहून ते बहुधा कोटीभर किलोमीटर असावं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

साबुदाणा जरा जास्तच झालाय.

परवा नासाने दगड जवळपास खात्यातूनच काढला, ०.००४ टक्के. आता चंद्रावर आदळायची शक्यता मात्र १.७ टक्के उरलीय. लगेच चंद्राला श्रद्धांजली वाहणारे सुरू झाले.

पण आजची बातमी वेगळी. डॉ. हिंमतराव बावस्करांनी शेगावच्या त्या गावांत जाऊन नमुने घेतले होते. महाडचे बावस्कर, विंचूदंशावर आयुष्य घालवलेले. त्यांचं म्हणणं, दोष पाण्यात नाही, गव्हात आहे. खारपाणपट्टा असल्यामुळे आधी सगळा संशय पाण्यावर होता, मग बुरशीवर. बावस्करांना रेशनच्या गव्हात सेलेनियम सापडलं, इथल्या गव्हाच्या कितीतरी पट. आणि रुग्णांच्या रक्तात, लघवीत, केसांतही तेच जादा. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला. शिवालिक टेकड्यांतून वाहून येणाऱ्या मातीत सेलेनियम असतं, ते पिकात उतरतं. शरीराला ते लागतं, पण चिमटीच्या चिमटीइतकं.

म्हणजे ज्यांच्या घरी शेतातला गहू होता ते वाचले आणि जे रेशनच्या रांगेत उभे होते त्यांचे केस गेले. या एका वाक्यावर मीम कसं बनवतात ते कुणीतरी दाखवावं. कोंडा जावा म्हणून दुकानात जो शाम्पू मिळतो त्यात सेलेनियम सल्फाइड असतं, हेही आजच वाचलं. बाटलीतून मिळालं की इलाज, पोत्यातून मिळालं की टक्कल.

आणि हे नाव. १८१७ मध्ये स्वीडनच्या बर्झेलियसने हे मूलद्रव्य शोधलं तेव्हा टेल्यूरियम आधीच होतं, त्याचं नाव पृथ्वीवरून. त्याच्यासारखंच दिसणारं हे दुसरं, म्हणून याला ग्रीकांच्या चंद्रदेवतेचं, सेलेनेचं नाव. चंद्रमौळीच्या दिवशी हे वाचून मी फोन बाजूला ठेवला. लोणारच्या दैत्यसूदन मंदिरात आई या दिवशी आम्हाला न्यायची की दुसऱ्या कुठल्या, हे आता नीट आठवत नाही. विवरात उतरताना पायाखाली सरकणारे खडे तेवढे आठवतात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

विज्ञान दिन. आणि ‘सात ग्रह एका रांगेत’चे फॉरवर्ड. रांग वगैरे काही नाही, सगळे सूर्याच्याच वाटेवर आहेत आणि आज एकाच वेळी वर आलेत, एवढंच. युरेनस-नेपच्यूनला दुर्बीण हवी, शनी तर सूर्याबरोबरच मावळतो. पण पश्चिमेला शुक्र असा पेटलाय की टेरेसवरची मुलं त्याला ड्रोन समजत होती.

संध्याकाळी ताईला व्हिडिओ कॉल केला. उद्या भाचीचा इंग्रजीचा पेपर, पण ती गच्चीवर होती. म्हणाली, “मामा, शुक्र दिसला, गुरू दिसला, तो लाल मंगळ. शनी नाही.” मी सेलेनियमची गोष्ट सांगायला लागलो, चंद्राच्या नावाची. तिने मधेच तोडलं.

“अणुअंक ३४. गंधकाच्या खाली.”

दहावीचं पुस्तक, आवर्ती वर्गीकरणाचा दुसरा धडा. एकाच गणातले गुणधर्म सारखे, हे वाक्य तिने पाठ म्हणून दाखवलं. मग म्हणाली, केस जाळले की गंधकाचाच वास येतो ना, म्हणजे केसांत गंधक. त्याच्या जागी हे जाऊन बसलं असंल, म्हणून तुटले. मी नंतर शोधलं. केराटिनमध्ये गंधक भरपूर असतं आणि सेलेनियम त्याच्या जागी घुसतं, असंच सांगतात. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, हे इथे लिहून ठेवतो.

जोकबद्दल मला काही बोलायचं होतं. चार वाक्यं जुळवूनही ठेवली होती. तेवढ्यात तिने ओढणी काढली आणि मोबाइल डोक्यावर धरला. सगळीकडून बारीक, मऊ, काळं काहीतरी वर आलंय, कापणीनंतरच्या शेतासारखं नाही, पेरणीनंतरच्या.

“मामा, चंद्रावर १.७ टक्के गवत.”

मी हसलो. मग विचारलं, ग्रुपवर टाकू का?

“नाई. हा माझा हाय.”