‘मॅन’ मनूवरून आला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी भाषांतरं करते, त्यामुळे शब्दांचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला असतो: ‘मनुष्य’ मनूवरून आला, मग इंग्रजीतला ‘मॅन’ही इथूनच गेला ना?

नाही. कोणी कोणाकडून घेतलेला नाही. दोघांचं मूळ एकच, संस्कृतच्याही आधीच्या भाषेतलं. इसवी सन ९८च्या सुमारास टॅसिटस या रोमन इतिहासकाराने नोंदवलंय की जर्मन टोळ्या आपल्या जुन्या गाण्यांत ‘मन्नुस’ नावाच्या मूळपुरुषाचं नाव घेतात. इथे मनू, तिथे मन्नुस. मला तर उसनवारीपेक्षा हे नातंच जास्त आवडतं.

‘ह्यूमन’मध्ये मात्र ‘मानव’ शोधू नका. तो लॅटिन ‘होमो’च्या घरातला आणि ‘होमो’ ‘हूमुस’च्या, म्हणजे मातीच्या. पृथ्वीला संस्कृतात ‘क्ष्मा’ म्हणतात, तीही त्याच कुळातली. हिब्रूचं कूळ अगदी वेगळं, पण तिथेही आदाम आणि ‘अदामा’, म्हणजे जमीन, यांची जोडी आहेच. ‘आदमी’ त्या आदामचा. अरबीतून फारसीत आणि तिथून आपल्याकडे आला.

पण मी थबकते ती ‘मर्द’पाशी. आपण हा शब्द किती छाती काढून म्हणतो! तो फारसीतून आला. इराणमधल्या बेहिस्तूनच्या कड्यावर दारियस राजाने अडीच हजार वर्षांपूर्वी कोरून घेतलेल्या लेखात त्याचं जुनं रूप सापडतं, ‘मर्तिय’. अर्थ साधा, माणूस. जरा मोठ्याने म्हणून बघा: मर्तिय, मर्त्य. मृ धातू, मरणे. देव ते अमर, आपण ते मर्त्य. ‘मर्द’ म्हणजे मुळात ज्याला मरण आहे तो, मग तो शूर असो की भित्रा. पहिल्यांदा हे कळलं तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवून मी बराच वेळ नुसती बसून राहिले होते.

१७५८ साली लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने सजीवांच्या वर्गीकरणाच्या आपल्या ग्रंथात आपल्याला ‘होमो सेपियन्स’, शहाणा माणूस, असं नाव दिलं. त्याच ग्रंथाच्या १७३५च्या पहिल्या आवृत्तीत ‘होमो’पुढे फक्त एवढंच होतं: स्वतःला ओळख. ते मला जास्त खरं वाटतं.

आणि मराठी? ‘माणूस’ संस्कृत ‘मानुष’वरून आला, हे झालं सरळ उत्तर. पण त्यावरून आपण एक क्रियापद घडवलं, माणसाळणे. आमच्या जिन्याखाली मांजरीचं एक पिल्लू येऊन राहिलं होतं. दुधाची वाटी ठेवली की मी दाराआड जाईपर्यंत ते खोक्यामागून हलायचं नाही. मग एके दिवशी मी तिथेच बसलेली असताना आलं. कान मागे, डोळे माझ्या हातावर, पण जीभ वाटीत. शेजारच्या काकू म्हणाल्या, “माणसाळलं गं!”

पिल्लू काही माणूस झालं नव्हतं. त्याची भीती तेवढी गेली होती, आणि त्यासाठी आपल्या भाषेला ‘माणूस’ हाच शब्द घ्यावासा वाटला.