मटिल्डा ब्रिग्ज, दुसरा खर्डा: कॅनन किती पाळायचं

'मटिल्डा ब्रिग्ज' ही शेरलॉक होम्सवरची फॅनफिक, म्हणजे मूळ पात्रं घेऊन चाहत्याने लिहिलेली कथा. पहिल्या खर्ड्यात होम्सचा मित्र आणि त्याच्या कथांचा निवेदक वॉटसन त्याच्याबरोबर गोदीत हिंडत होता. दुसऱ्यातून तो काढलाय, आणि त्याला कारण कॅननमधली, म्हणजे कॉनन डॉयलच्या मूळ होम्सकथांमधली, एकच ओळ. १९२४ साली छापलेल्या 'ससेक्स व्हँपायर'मध्ये होम्स सांगतो की मटिल्डा ब्रिग्ज ही कुणी तरुणी नव्हे, जहाज आहे. सुमात्राच्या महाकाय उंदराशी त्या जहाजाचा संबंध आहे आणि ती हकीकत ऐकायला जग अजून तयार नाही. हे तो वॉटसनलाच सांगतोय. म्हणजे वॉटसन त्या प्रकरणात नव्हता. बहुतेक फॅनफिक इथेच घसरतात: उंदीर उचलतात, पण वाक्य कोण कुणाला बोलतंय ते बघत नाहीत.

मग कथा सांगणार कोण? 'ग्लोरिया स्कॉट' या मूळ कथेचा साचा घेतला, तिथे होम्सच वॉटसनला जुनी हकीकत सांगतो. बेकर स्ट्रीट, हिवाळ्याची रात्र, वॉटसनचं निवेदन फार तर दीडशे शब्द, पुढे सगळं होम्सच्या 'मी'मधून. हा 'मी' कोरडा हवा. वॉटसनच्या रंगवून लिहिण्यावर होम्स नेहमी चिडतो, त्यामुळे धुक्याची वर्णनं निर्दयपणे छाटली.

काळ १८७९, वॉटसन भेटण्याआधीचा. होम्स तेव्हा ब्रिटिश म्युझियमजवळ माँटेग्यू स्ट्रीटला राहतो. बेकर स्ट्रीटची घरमालकीण मिसेस हडसन नाही, टेलिफोन नाही (लंडनचं पहिलं एक्स्चेंज त्याच वर्षी सुरू झालं), म्हणून निरोप तारेने. सगळ्यात अडचणीची गोष्ट म्हणजे रक्त ओळखण्याचं रसायन. ते त्याला सापडतं वॉटसनची पहिली भेट होते त्याच दिवशी, त्यामुळे डेकवरच्या डागाची परीक्षा करणारा प्रसंग गेला. त्याऐवजी दोरखंडावरच्या कुरतडल्याच्या खुणा ठेवल्यात.

आपल्याकडच्या वाचकाला उंदीर म्हटलं की १८९६ची मुंबई आणि मागोमाग पुण्याचा प्लेग आठवणार. मोह आवरा. प्लेगचा जंतू सापडला १८९४ला, पिसवांचा दुवा फ्रेंच डॉक्टर सिमोंने दाखवला १८९८ला, आणि तोही बरीच वर्षं कुणी फारसा मनावर घेतला नाही. १८७९च्या होम्सला खलाशी कोणत्या क्रमाने मेले ते दिसेल, कारण सांगता येणार नाही. 'जग तयार नाही' या शब्दांना इथे खरा अर्थ मिळतो. कॅनन काटेकोर पाळल्यामुळेच कथानक सापडलं, ते असं.

जिथे कॅनन स्वतःच डळमळतं तिथे हात लावू नये. वॉटसनची जखम एका कादंबरीत खांद्याला, दुसरीत पायाला. आपल्या कथेत तो खुर्चीत बसलाय, विषय काढायचं कारणच नाही. खुलासे देत बसलं की फॅनफिकचा निबंध होतो. 'डाइंग डिटेक्टिव्ह' या होम्सकथेतला सुमात्राचा मळेवाला आणण्याची सूचना आली होती. नको. सुमात्रा एवढा लहान नाही.

राहिला उंदराचा आकार. कॅनन गप्प आहे, म्हणून खऱ्या प्राण्याकडे गेलो: सुमात्रात सापडणारा बांबू-उंदीर, अंग जवळपास अर्धा मीटर, वजन चार किलोपर्यंत. तिसऱ्या खर्ड्यात तो पिंजऱ्यात, झाकणाखाली. वाचकाला फक्त दात दिसतील.