तीन टन दगडांखालचा मिसो

आमच्याकडे नागोयाला पाहुणे आले की त्यांना क्योतोची देवळं बघायची असतात. मी त्यांना आधी ओकाझाकीला नेते, मिसोचे, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या खारट लगद्याचे, जुने कारखाने दाखवायला. मेइतेत्सु या खासगी रेल्वेच्या गाडीने अर्धा-पाऊण तास, उतरायचं ओकाझाकी-कोएन-माए स्टेशनवर. जेआर या दुसऱ्या रेल्वेच्या ओकाझाकी स्टेशनवर उतरलात तर उगाच लांब पडाल.

जुन्या तोकाइदो रस्त्याच्या एका बाजूला मारुया हा कारखाना, 1337 पासूनचा. समोर काकुक्यू, 1645 चा. दोघंही करतात हाच्चो मिसो. जपानवर राज्य केलेला शोगुन तोकुगावा इएयासू जन्मला तो किल्ला इथून आठ चो, जपानीत 'हाच्चो'. चो हे अंतराचं जुनं माप, आठ चो म्हणजे जेमतेम 870 मीटर. गावाला आणि मिसोला नाव पडलं ते त्यावरूनच.

गोदामात शिरलं की आंबूस, खारट, जड वास येतो. समोर ओळीने लाकडी पिंपं, माणसापेक्षा उंच, बांबूच्या विणलेल्या कड्यांनी आवळलेली. एकेका पिंपात सुमारे सहा टन मिसो आणि त्यावर तीन टन नदीतले गोटे, शंकूसारखे रचलेले. सिमेंट नाही, दोरी नाही. हे सगळं हाताने रचतात. भूकंपातही रास ढासळत नाही, असं तिथले लोक अभिमानाने सांगतात. मी एका राशीपुढे उभी राहून बराच वेळ नुसते सांधे बघत होते. मोठ्या गोट्यांमधल्या फटीत छोटे गोटे असे बसवलेत की बोट घालायला जागा नाही.

एवढं वजन कशाला? या मिसोत पाणी फार कमी असतं. वरून दाब असला की ओल सगळीकडे सारखी पसरते. इतर मिसोत बहुतेक वेळा तांदळावर किंवा जवावर कोजी बुरशी वाढवतात. इथे शिजवलेल्या सोयाबीनचे गोळे करून त्यांच्यावरच वाढवतात. मग मीठ, पाणी आणि दोन उन्हाळे, दोन हिवाळे. बाहेर येतं ते जवळजवळ काळं आणि घट्ट.

आईला दगडांचं काही नव्हतं. तिचा प्रश्न एकच, "यात मासे नाहीत ना गं?" मिसोत नाहीत. पण सूप बहुतेक सुक्या बोनितो माशाच्या पाण्यात करतात, तेव्हा वाटी पुढे आली की शाकाहारी मंडळींनी आधी विचारावं.

आता राग येणारी गोष्ट. 2017 मध्ये जपान सरकारने हाच्चो मिसोला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन दिलं, ते आइची या इथल्या प्रांतातल्या उत्पादकांच्या संघटनेला. लाकडी पिंप, दगडांची रास यांची सक्ती नाही. हे दोन जुने कारखाने त्या नोंदणीत नाहीत! मारुया कोर्टात गेला, 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही हरला. आपल्या हापूसला 2018 मध्ये जीआय मिळाला तेव्हा रत्नागिरी, सिंधुदुर्ग बाहेर राहिले असते तर काय झालं असतं, विचार करा. प्रांतभर धंदा वाढावा हा सरकारचा हेतू मला कळतो. पण ज्या गल्लीचं नाव, तिलाच बाहेर ठेवायचं?

कारखान्याच्या दुकानात मिसो घातलेलं सॉफ्ट आइस्क्रीम मिळतं. खारट-गोड, खा. विकत घेतलेला मिसो मात्र चेक-इनच्या बॅगेतच टाका. विमानतळावर तो द्रवपदार्थांत मोजतात, हातातल्या पिशवीत असला तर काढून घेतील.