आधी वेगळं करा, मग पुरा

बडोद्यात अणुभट्टी नाही, त्यामुळे अणुकचरा हा आपला विषयच नाही असं इथे पुष्कळांना वाटतं. पण फर्टिलायझरनगरच्या बाजूला जो जड पाण्याचा कारखाना आहे, तिथे टीबीपी, म्हणजे ट्रायब्युटिल फॉस्फेट, तयार होतं. वापरून झालेल्या अणुइंधनातून युरेनियम आणि प्लुटोनियम बाहेर काढायला जगभर हाच द्रव वापरतात. कलाभवनात, म्हणजे इथल्या सयाजीराव विद्यापीठाच्या इंजिनीअरिंग कॉलेजात, केमिकल शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला हे माहीत असायला हवं.

मी तिथेच शिकले आणि नोकरीची सगळी वर्षं सेपरेशनमध्ये, म्हणजे मिश्रणातून पदार्थ वेगळे काढण्यात, घालवली. कॉलम, सॉल्व्हंट (विरघळवणारा द्रव) आणि तळाशी उरणारा डांबरासारखा गाळ. त्यामुळे दिवाळीत भाचा म्हणाला, "मावशी, तो कचरा रॉकेटमध्ये भरून सूर्याकडे का नाही सोडून देत?" तेव्हा मी त्याला म्हटलं, "त्यात काय काय आहे ते आधी सांग, मग कुठे सोडायचं ते बघू."

साध्या पाण्यावर चालणाऱ्या भट्टीतून निघालेल्या इंधनात सुमारे ९५ टक्के युरेनियमच असतं. साधारण १ टक्का प्लुटोनियम. अणू फुटून झालेले तुकडे, म्हणजे सीझियम, स्ट्रॉन्शियम वगैरे, ३-४ टक्के. आणि अगदी चिमूटभर, ०.१ टक्क्याच्या आसपास, अमेरिशियम, नेप्ट्युनियम आणि क्युरियम. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य, म्हणजे त्यातलं निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षं, त्यामुळे ३०० वर्षांत ते हजारपट कमी होतं. पिलाजीराव गायकवाडांपासून आजपर्यंत लोटला तेवढाच हा काळ. एवढं राखणं माणसाच्या आवाक्यातलं आहे. पण प्लुटोनियम-२३९ चं अर्धायुष्य २४,१०० वर्षं आणि नेप्ट्युनियम-२३७ चं २१ लाखांच्या वर. सगळं एकत्र पुरलं की सगळ्यालाच या दीर्घायुषींची राखण लागू होते. माझा राग आहे तो या एकत्र पुरण्यावर.

आपल्याकडे तुर्भ्याला १९६४ पासून इंधनाचं पुनर्प्रक्रियेचं काम सुरू आहे, नंतर तारापूर आणि कल्पाक्कम आले. इंधनाचे तुकडे करून ते गरम नायट्रिक आम्लात विरघळवतात. त्यात केरोसीनच्या जातीच्या तेलात मिसळलेलं टीबीपी घालून ढवळलं की ताकावर लोणी यावं तसा तेलाचा थर वर येतो, युरेनियम-प्लुटोनियम त्याच्याबरोबर वर आणि बाकी सगळं खाली आम्लात. खालचं आटवून बोरोसिलिकेट काचेत गोठवतात आणि स्टीलच्या डब्यांत भरून ठेवतात. काच उत्तम आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण दीर्घायुषी अमेरिशियम त्या खालच्या आम्लातच राहिलेलं असतं, आणि एकदा काचेत गेलं की ते परत सोडवणं फार अवघड.

मी एका औद्योगिक वसाहतीत नोकरी करत होते तेव्हा शेडमागे जुने ड्रम रचलेले असायचे. तीन-चार प्रॉडक्टचा गाळ एकाच ड्रममध्ये. प्रत्येक गाळ वेगळा राहिला असता तर एकातून सॉल्व्हंट निघालं असतं, दुसरा जाळता आला असता. मिसळल्यावर त्याला हात लावायला कोणी तयार होईना. अणुकचऱ्यात हेच घडू नये, ही माझी कळकळ आहे.

आता अमेरिशियम वेगळं काढणं का अवघड, ते सांगते, कारण खरी मजा तिथे आहे. आम्लात त्याच्याबरोबर युरोपियम, सॅमॅरियम, गॅडोलिनियम अशी लॅन्थनाइड नावाच्या धातूंच्या कुळातली मंडळी असतात. सगळ्यांवर तीन धन भार, आकारही जवळजवळ सारखा. सॉल्व्हंटला त्यांच्यात फरक कळत नाही. आणि लॅन्थनाइड अमेरिशियमबरोबर राहू देऊन चालत नाही, कारण गॅडोलिनियम आणि सॅमॅरियम न्यूट्रॉन गिळून टाकतात, आणि अमेरिशियम पुढे न्यूट्रॉनच्या माऱ्यानेच फोडायचं असतं, त्याला न्यूट्रॉन उरणार कसे? एक बारीकसा फरक मात्र आहे: नायट्रोजन किंवा गंधक असलेल्या रेणूंशी अमेरिशियम किंचित जास्त घट्ट बांधलं जातं. युरोपात आणि आपल्याकडे रसायनशास्त्रज्ञ याच एवढ्याशा फरकावर वर्षानुवर्षं झटताहेत. त्यात सॉल्व्हंट किरणांखाली तुटतं. टीबीपी तुटून डायब्युटिल फॉस्फेट होतं, ते धातूंना धरून बसतं, मधल्या थरात साका जमतो. टीबीपी आणि नायट्रिक आम्ल जास्त तापलं तर स्फोटही होतो. १९९३ मध्ये रशियात तोम्स्क-७ या अणुकेंद्रात झाला. हे काम सावकाशीचं आहे, आणि घाई करणाऱ्याच्या हाती ते देऊ नये.

भाभा अणुसंशोधन केंद्राने सीझियमचं करून दाखवलं आहे. कचऱ्यातून सीझियम-१३७ वेगळं काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवल्या, त्या रक्तावर किरणोपचार करणाऱ्या यंत्रात बसतात. दात्याच्या पांढऱ्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून काही रुग्णांना असंच रक्त द्यावं लागतं. त्याच कचऱ्यातल्या रुथेनियम-१०६ च्या चकत्या डोळ्याच्या कॅन्सरवर वापरतात. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण आनंद झाला होता. वेगळं केलं, म्हणून हे जमलं.

वेगळ्या केलेल्या अमेरिशियमवर वेगवान न्यूट्रॉन सोडले तर ते फुटतं आणि त्याचे बहुतेक तुकडे अल्पायुषी असतात. टेक्नेशियम-९९ चं अर्धायुष्य २ लाख वर्षांहून जास्त, पण त्याने एक न्यूट्रॉन घेतला की टेक्नेशियम-१०० होतं आणि काही सेकंदांतच त्याचं स्थिर रुथेनियम बनतं. कागदावर हे फार सुंदर दिसतं. प्रत्यक्षात न्यूट्रॉन महाग, आणि भट्टीतून एका फेरीत थोडंच काम होतं. पुन्हा विरघळवा, पुन्हा वेगळं करा. सीझियमवर तर न्यूट्रॉन खर्च करण्यात अर्थच नाही, त्याला ३०० वर्षं काचेत बसू द्यावं. फिनलंडसारखं ४०० मीटरहून खोल खडकात भुयार आपल्यालाही कधीतरी लागेल. लागू दे. पण त्यात काय उतरवायचं, यावर अडून बसायला हवं.

आणि आयोडीन-१२९. अर्धायुष्य १ कोटी ५७ लाख वर्षं. इंधन विरघळवताना ते वायू होऊन निसटतं. फ्रान्समध्ये ला हागच्या पुनर्प्रक्रिया कारखान्यातून ते बहुतांशी समुद्रात सोडलं जातं, भरपूर पाण्यात मिसळून पातळ होईल या हिशोबाने. आपल्या कारखान्यांचं सांडपाणी कालव्यातून खंभातच्या आखाताकडे जातं, तेव्हा पातळ होण्याचा हिशोब बडोदेकरांना नवा नाही, आणि मला तो कधीच पटलेला नाही. चांदी बसवलेल्या गाळण्यांवरून तो वायू नेला तर आयोडीन चांदीला चिकटून सिल्व्हर आयोडाइड होतं, पाण्यात जवळजवळ न विरघळणारं. खर्च आहे, चांदी लागते. तो खर्च वीज वापरणाऱ्यांनी, म्हणजे आपण, बिलात द्यावा. मी देईन.